पांढऱ्या बोटीवरचे ओपा

सनीव्हेलला राहायला गेलो त्या पहिल्याच दिवशी मी घरमालकांना विचारलं, भाजीचं दुकान कुठल्या बाजूला आहे. म्हातारे गृहस्थ दारातच उभे होते. पायात चपला, अंगात कडक इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा सदरा. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "माफ करा मॅडम, मी कोणाला रस्ता सांगत नाही." आणि दार लावून घेतलं.

दुकान कोपऱ्यावरच होतं. त्यांनी नुसती मान वळवली असती तरी मला कळलं असतं. मी उलट्या दिशेला भर उन्हात तासभर तंगडतोड केली आणि घामाघूम होऊन परत आले, तर हे महाशय अंगणात झाडांना पाणी घालत होते. हातात रिकामी पिशवी पाहूनही काही बोलले नाहीत.

"रेसिस्ट असेल गं," संध्याकाळी नवरा म्हणाला. "आपण रेंट द्यायचं, त्याने घर द्यायचं. फार इंटरॅक्ट नको करूस यार."

पण गृहस्थ रंगाने आमच्याहून सावळे होते, त्यामुळे ती शंका फार टिकली नाही. त्यांचा जन्म जावा बेटावरचा. वडील डच, आई तिथलीच. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईनंतर त्यांना हॉलंडला जावं लागलं. तिथल्या थंडीला आणि "तुम्हाला इतकं चांगलं डच कसं येतं?" या प्रश्नाला कंटाळून ते बायकोला घेऊन कॅलिफोर्नियात आले. तेव्हा सनीव्हेलमध्ये कॉम्प्युटर नव्हते, जर्दाळूच्या बागा होत्या. फळं डब्यात भरायच्या एका कारखान्यात यंत्रं दुरुस्त करत त्यांनी हे घर घेतलं आणि मागच्या अंगाला दोन खोल्या काढून भाड्याने दिल्या. त्या खोल्यांत आम्ही होतो. त्यांची बायको मला म्हणाली, आजोबाला आमच्यात ओपा म्हणतात आणि आजीला ओमा, तूही तेच म्हण. मग मी तेच म्हणू लागले.

मला त्या वेळी काम करायची परवानगी नव्हती. नवरा सकाळी ऑफिसला जायचा, तिथे रोज कोणाला तरी कामावरून काढून घरी पाठवत होते, त्यामुळे संध्याकाळी तो तोंड पाडूनच परत यायचा. मधला अख्खा दिवस मला खायला उठायचा. वेंगुर्ल्याला आमच्या घरी माणसांची सतत ये-जा असे. इथे दिवसभरात कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. शेवटी नवऱ्याचा सल्ला गुंडाळून ठेवून मी पुढच्या घरात जाऊन बसू लागले.

तिथे गेल्यावर ओपांच्या तऱ्हा एकेक करून कळत गेल्या. पत्ता न सांगणं ही त्यातली सगळ्यांत सौम्य. ते कोणाला हात करत नसत. आपण लांबून हात हलवला तर ते खांबासारखे उभे राहत, जवळ येईपर्यंत थांबत आणि मग तोंडाने 'गुड मॉर्निंग' म्हणत. एकदा नवऱ्याने ऑफिसला निघताना सहज गाडीचा हॉर्न दोनदा वाजवला, टाटा करतात तसा. ओपा हातातली पाण्याची नळी तशीच टाकून रस्त्यावर आले. "हॉर्न धोका सांगायला असतो," ते म्हणाले. "नमस्कार करायला नसतो. पुन्हा वाजवलात तर घर सोडा." नवरा दिवसभर माझ्यावर धुसफुसत होता, जणू तो हॉर्न मीच वाजवला होता.

आणि घरातली वस्तू हलवायची नाही. हा तर कायदाच होता. त्याला कारणही होतं. काचबिंदूने ओमाची दृष्टी पूर्ण गेली होती, पण परक्या माणसाला ते चटकन कळत नसे, इतकी ती घरात झपझप वावरायची. कढई घ्यायची, वळायची, दोन पावलं टाकून मसाल्याच्या फळीशी, तिथून खिडकीपाशी, तिथून न थांबता थेट खुर्चीत. हात पुढे करून चाचपणं नाही, अडखळणं नाही. कारण खुर्ची जिथे होती तिथेच असायची. ओपांनी प्रत्येक खुर्चीच्या पायाखाली जमिनीवर रंगाची बारीक खूण केली होती आणि दिवसातून कितीदा तरी ते वाकून बघत. एकदा मी डबा काढायला स्टूल ओढलं आणि परत ठेवताना थोडं अलीकडे ठेवलं. ओपांनी ते जागेवर नेलं आणि मला शाळेतल्या पोरीला सांगावं तसं सांगितलं, "खूण नसली तर माणूस जपून चालतो. खूण चुकीच्या जागी असली तर भरवशाने चालतो. लक्षात ठेवा मॅडम."

मला राग आला होता, पण ओमाला त्या घरात फिरताना पाहिलं की तो उतरायचा. एवढा भरवसा नवऱ्यावर टाकायचा म्हणजे काय असतं, ते मी तिच्याकडे बघून शिकत होते. माझं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

ओमाचं आणि माझं स्वयंपाकघरात फार जमलं. तीही त्याच बेटांवरची, त्यामुळे तिच्याकडे खोबरं, चिंच, गूळ, सुकी कोळंबी. वासाने मला थेट माहेर आठवायचं. ती मला नोनी म्हणायची, म्हणजे पोरी. बोलायची फक्त धाकट्या बहिणीबद्दल. बहीण गायची कशी, चिडायची कशी, पानांआड लपून आंबट कैऱ्या खायची कशी. बहिणीच्या वाढदिवसाला ओमा एकावर एक पातळ थर भाजून एक केक करायची, त्याला पूर्ण सकाळ जायची. डोळे गेल्यावरही करायची, थर भाजला की नाही ते वासावरून ओळखून. लढाईत एका लहान बोटीतून येताना ती बहीण गेली. जपानी पाणबुडीने बोट फोडली.

म्हणून त्या घरात जपानी काही चालत नसे. आमची सेकंडहँड गाडी जपानी निघाली, तर ती आम्हाला मागच्या गल्लीत लावायला लागली. सनीव्हेलमध्ये राहून जपानी वस्तूंना शिवायचं नाही म्हणजे कठीणच. ओमाने ते लढाईपासून साठ वर्षं निभावलं होतं. "नोनी, मी क्षमा करणारी बाई नाही," ती शांतपणे म्हणायची आणि कांदा चिरत राहायची.

ओपा खुलायचे ते फक्त त्यांच्या बोटीबद्दल बोलताना. विशीत ते जावावरच्या तेव्हाच्या डच सरकारच्या एका बोटीवर शिकाऊ अधिकारी होते. ती लढाईची बोट नव्हती. बेटाबेटांवर साहेबलोकांना न्यायचं, दीपस्तंभांवर तेल आणि तांदूळ पोचवायचे, समुद्राची खोली मोजायची, असली कामं. पांढरीशुभ्र बोट, डेकवर कापडी छत, पितळेच्या कठड्यांना रोज पॉलिश. आणि सगळ्यांत मोठं काम बोयांचं. बोया म्हणजे काय ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. खडक कुठे आहे आणि वाट कुठे आहे ते दाखवणारा, साखळीने तळाशी बांधलेला लोखंडी पिंप. वेंगुर्ल्याला आमच्या घराच्या माडीवरून दिसायचा. मी हे सांगितलं तेव्हापासून ओपांच्या लेखी माझी किंमत वाढली.

"त्या टापूतला प्रत्येक बोया आमच्या बोटीने बसवलेला," ते सांगत. "लहान बोटींचे तांडेल नकाशा बघत नसत, आमचा बोया बघत. आमच्या जवळून गेले की भोंगा दोनदा वाजवायचे. आम्हीही दोनदा वाजवायचो. आभार मानायची रीत होती ती."

मग लढाई आली, बोटीला करडा रंग दिला, असं म्हणून ते उठायचे. बोट पांढरी असेपर्यंतच त्यांची गोष्ट चालायची. पुढे काय झालं म्हणून विचारलं तर झाडांना पाणी घालायची वेळ झालेली असायची.

दोनेक वर्षं अशी गेली. मग हॉलंडहून एका निवृत्त शाळामास्तरांचा फोन आला. त्यांचा एक आजा त्या बोटीच्या भट्टीवर कामाला होता, आणि ते त्या बोटीचा इतिहास लिहीत होते. बोटीवरचं जिवंत असलेलं एकच माणूस त्यांना सापडलं होतं, ते ओपा. भेटायला येऊ का, असं ते विचारत होते. ओपा 'नको' म्हणाले. ओमाने त्यांच्या हातातून फोन घेतला आणि 'या' म्हणाली. "आयुष्यभर मला त्या बोटीच्या गोष्टी ऐकवल्यास," ती ओपांना म्हणाली, "आता लिहून घ्यायला कोणी येतोय तर लाजतोस कसला?"

त्यानंतर ओपांचं जेवणावरचं लक्ष उडालं. दोन दिवस झाडांना पाणीही घातलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी कपडे वाळत घालत होते, तेव्हा ते येऊन जर्दाळूच्या झाडाखाली उभे राहिले आणि करड्या बोटीची गोष्ट त्यांनी मला सांगितली. मी ओलं फडकं हातात धरून ऐकत राहिले.

बोया उचलायची जी क्रेन होती, तीच पाणसुरुंग उचलायला वापरली. माणसं तीच. बोटीच्या मागच्या बाजूला रूळ बसवले आणि त्यांवरून एकेक सुरुंग पाण्यात ढकलला. बंदरात शिरायची नेहमीची वाट बंद करून टाकली. बाजूने एक अरुंद वाट मोकळी ठेवली. मग हुकूम आला की वळणावरचा बोया काढू नका, हलवा. सुरुंगांच्या तोंडाशी नेऊन ठेवा. शत्रू खुणेवर विसंबून येईल आणि फसेल. ती साखळी बांधून घ्यायचं काम ओपांकडे होतं. नवी वाट आपल्या सगळ्या बोटींना तारेने कळवण्यात आली.

"कळवायचं ज्यांचं काम होतं त्यांनी कळवलं," ओपा म्हणाले. "त्या एका बोटीवर तारयंत्र नव्हतं. लहान बेटावरून यायची, खोबरं आणि माणसं घेऊन. तिच्यात हिची बहीण होती. ती येणार हे मला माहीत होतं. आमचं लग्न ठरलं होतं, त्यासाठीच येत होती."

सकाळी ती बोट दिसली. यांच्या कप्तानाने निशाणं चढवली, भोंगा वाजवला, वाजवतच राहिला. डेकवरच्या सगळ्यांनी हात हलवले, ओरडले. त्या बोटीच्या म्हाताऱ्या तांडेलाने करड्या रंगातही आपली पांढरी बोट ओळखली. त्याने दोनदा भोंगा वाजवला. त्याच्या माणसांनी उलट हात केले. मग बोयापाशी येऊन त्याने वळण घेतलं.

"अगदी बरोबर वळण घेतलं त्याने," ओपा म्हणाले. "आम्ही शिकवलं होतं तसं."

ते झाडाच्या खोडावरची साल नखाने काढत होते. आरमाराच्या कचेरीने पाणबुडी असं लिहिलं, कारण दुसरं काही लिहिलं असतं तर वाट बंद आहे हे फुटलं असतं. थोड्याच दिवसांत शत्रू आला आणि त्याच्या हाती लागू नये म्हणून यांनीच आपली बोट बंदराच्या तोंडाशी बुडवली. ओपा कैदेत गेले. लढाई संपल्यावर हाडांचा सापळा होऊन सुटले, ओमाला शोधून काढलं. ती म्हणाली, जपान्यांनी माझ्या बहिणीला मारलं.

"मी मान हलवली," ओपा म्हणाले. "तेवढंच केलं. मग रोज तेवढंच करत राहिलो."

आता मास्तर येणार. त्यांच्या लिखाणात पाणबुडीच असणार. गप्प राहिलं तर तसंच छापलं जाईल. बोललं तर समोर ओमा बसलेली. ओपांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही काय केलं असतं?" कधी कोणाला वाट न सांगणारा तो माणूस मला वाट विचारत होता.

"नका सांगू," मी म्हणाले. "ओपा, या वयात कशाला? तिच्याजवळ दुसरं आहे काय?" मला आजही तेच वाटतं. त्यांनी मान हलवली आणि नळी उचलून झाडांना पाणी घालायला गेले.

मास्तर आले ते दुपारच्या जेवणाला. गुलाबी, गोल, भला माणूस. ओमाने भात, तिखट मासा, खोबऱ्याची भाजी असं पुष्कळ केलं होतं. मलाही बसवलं. जेवताना एखाद्याला न कळणारी भाषा बोलायची नाही असा त्या घरचा शिरस्ता होता, म्हणून सगळे माझ्यासाठी इंग्रजीत बोलत होते. ओपांना ती गोष्ट आपल्या भाषेत सांगता आली असती का, असं मला नंतर कितीदा तरी वाटलं.

जेवण झाल्यावर मास्तरांनी टेबलावर समुद्राचा नकाशा पसरला. बोट कुठे बांधली, कुठे फिरली, बुडवल्यावर जपान्यांनी ती कशी वर काढून वापरली, सगळं त्यांनी खपून शोधलं होतं. ओमा हसतमुखाने ऐकत होती. मग नकाशावरून सरकत त्यांचं बोट बंदराच्या तोंडाशी आलं. "इथे ती प्रवासी बोट पाणबुडीने बुडवली," ते हळू आवाजात म्हणाले. त्यांना बहिणीचं माहीत होतं. "तुमची बोट मदतीला धावली होती ना?"

ओमाने ओपांच्या दिशेने चेहरा वळवला. ती वाट बघत होती, ते नेहमीसारखं 'हो' म्हणतील म्हणून. मी मनात म्हणत होते, म्हणा, हो म्हणा, आणि सोडून द्या.

ओपांनी नकाशावर बोट ठेवलं, मास्तरांच्या बोटाला लागून, जरा डावीकडे. "इथे," ते म्हणाले. "आणि पाणबुडी नव्हती. सुरुंग होता. आमचा. बोया मी हलवला होता."

मास्तरांना वाटलं म्हाताऱ्याचा घोटाळा होतोय. ते समजुतीने काही बोलायला लागले. ओपांनी त्यांना थांबवलं आणि सगळं सांगितलं, झाडाखाली मला सांगितलं होतं त्याच शब्दांत. आवाज चढला नाही, कापला नाही. या माणसाने ही वाक्यं किती वर्षं तोंडात धरून ठेवली असतील, असं मला वाटलं.

ओमाने एकच प्रश्न विचारला. "भोंगा त्यांनी दोनदा वाजवला?"

"दोनदा."

"मग ती डेकवर असणार," ओमा म्हणाली. "भोंगा वाजला की ती धावत वर यायची. हात करायला."

मास्तर नकाशाची घडी घालू लागले आणि ती त्यांना जमेना. मी उठून ताटल्या उचलल्या, कारण दुसरं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

त्या घरात नंतर भांडण झालं नाही. मला वाटलं होतं ओमा आकांत करील, नाहीतर बोलणं टाकेल. तसं काहीच झालं नाही. ती पूर्वीसारखी ओपांची कॉफी करायची, सदऱ्याची बटणं हाताने तपासायची, रात्री औषध घेतलंस का विचारायची. बहिणीबद्दल बोलणं मात्र थांबलं. मीही तो विषय काढला नाही. नवऱ्याला सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "यार, ही वॉज ट्वेंटी. बिचारा." एरवी त्याचं असं विरघळणं मला आवडलं असतं. पण मला बिचारी कोण आणि बिचारा कोण, ते ठरवता येत नव्हतं. दोघांचंही वाईट वाटायचं आणि कोणाच्या बाजूने उभं राहावं ते समजायचं नाही.

काही आठवड्यांनी ओमाने मला हाक मारली. म्हणाली, "नोनी, तू गाडी चालवायला शिकलीस ना? मला घेऊन चल. आंधळ्यांना काठी देतात, ती संस्था कुठे तरी आहे म्हणे."

मला आधी वाटलं, बाहेर फिरायला हवी असेल. बरं वाटलं मला. मी फोन करून पत्ता काढला, तिला घेऊन गेले; आमची गाडी जपानी आहे हे माहीत असूनही ती तीत बसली. तिथल्या बाईंनी तिच्या उंचीची पांढरी काठी काढून दिली, कशी धरायची, जमिनीवरून कशी फिरवायची ते शिकवलं. "बाहेर जाताना नेहमी जवळ ठेवा," त्या म्हणाल्या. ओमा म्हणाली, "बाहेर मी जातच नाही."

परत आलो तेव्हा ओपा स्वयंपाकघरात उभे होते. त्यांनी जमिनीवरच्या खुणा नुकत्याच नव्याने रंगवल्या होत्या, रंगाचा वास येत होता. ओमा दारातून आत आली. एक पाऊल टाकायचं, काठी पुढे फिरवायची, मग दुसरं. टेबलाच्या पायाला काठी लागली, ती थांबली. डाव्या हाताने टेबलाची कड शोधली. त्या घरात तिला असं चालताना मी पहिल्यांदा पाहत होते, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की काठी कशासाठी आणली.

ओपांच्या लक्षात माझ्याआधी आलं असावं. ते भिंतीला टेकले होते. ओमा खुर्चीच्या जवळ पोचली तेव्हा त्यांना राहवलं नाही. ते अगदी हळू म्हणाले, "खुर्ची तिथेच आहे."

"असेल," ओमा म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिने काठीने खुर्चीचे चारी पाय तपासले, हाताने बैठक चाचपली, आणि मग बसली.